दोन पाइप जिथं भेटतात

वसतिगृह, १२ जून

ती. मामा,

फोनवर मी काय बोलले ते तुला ऐकू आलं नाही, हे मला माहीत आहे. मी म्हणाले, "नापास झाले." तू म्हणालास, "छान, छान, तब्येत सांभाळ." मागून मामी ओरडून सांगत होती, तेही तुझ्या कानावर गेलं नाही. चाळीस वर्षं पत्रा ठोकून कान तुझे गेले आणि घसे आमचे बसतात. म्हणून लिहिते आहे.

नापास झाले, मामा. त्याच पेपरात, दुसऱ्यांदा. बाकीचे विषय सुटले, हा एकच मानगुटीवर बसलाय. तीनच संधी मिळतात. ऑक्टोबरची शेवटची. तीही गेली तर पदवी नाही, तीन वर्षं पाण्यात. आईला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

पेपर असा असतो: एक समीकरण देतात आणि विचारतात, अवकाशात ही आकृती कोणती, वर्णन करा. आकडेमोड मला येते. पण ती वस्तू काही केल्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. सर फळ्यावर तीन रेघा ओढतात, एक उभी, एक आडवी, एक तिरकी, आणि म्हणतात, "ही तिरकी तुमच्या अंगावर येते आहे असं समजा." माझ्या अंगावर ती आजवर कधी आलेली नाही. सगळा वर्ग मान डोलावतो, मग मीही डोलावते.

तू तर दिवसभर हेच करतोस. सपाट पत्र्याचं नरसाळं करतोस, धुराड्याचे वाकडे पाइप करतोस. म्हणून तुला विचारते. x म्हणजे तुझ्या टेबलावर मधल्या खुणेपासून उजवीकडे किती. y म्हणजे तुझ्यापासून समोर किती. z म्हणजे टेबलापासून वर किती. आता x² + y² = 4. म्हणजे उजवीकडचं अंतर स्वतःशी गुणायचं, समोरचं स्वतःशी गुणायचं, बेरीज चार आली पाहिजे. अशा सगळ्या जागा मिळून काय होतं?

हसू नको.

तुझी,
चिंगी

---

वर्कशॉप, २० जून

चि. चिंगे,

हसलो नाही. तुझ्या आईला सांगितलंही नाही, पण मामीला कळलंय, म्हणजे फार दिवस टिकणार नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. तुझं पत्र तीनदा वाचलं, डोकं गरगरलं. मग म्हटलं, बघू तर. टेबलावर खडूने खूण केली. उजवीकडे दोन इंच, समोर काही नाही: दोन दुणे चार, बसलं. समोर दोन, उजवीकडे काही नाही: बसलं. मग मधले ठिपके शोधत गेलो. अर्धा दिवस गेला, एका गिऱ्हाईकाचं धुराडं राहिलं. पण शेवटी सगळे ठिपके जोडले तर साधा गोल निघाला. दोन इंच त्रिज्येचा.

पट्टी वाकवून, टोकं डाग देऊन जोडून रिंग केली आहे, सोबत पाठवतो. एवढ्यात नापास होण्यासारखं काय आहे? मामी म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. मी नाही म्हणत, ती म्हणते.

मामा

---

वसतिगृह, २७ जून

ती. मामा,

रिंग मिळाली. सुरेख आहे आणि साफ चूक आहे.

मला हसावं की रडावं कळेना. पहिल्या वेळी मीही "वर्तुळ" असंच लिहिलं होतं आणि सरांनी भोपळा दिला होता. मामीला सांग, अंगण खरंच वाकडं आहे.

तू टेबलावरच थांबलास. समीकरणात z कुठं आहे? नाहीच. म्हणजे उंचीवर काही अटच नाही. टेबलावर चालेल, एक इंच वर चालेल, छपराला लागेल तिथं चालेल, टेबलाखालीही चालेल. तुझी रिंग प्रत्येक उंचीवर हवी. म्हणजे तो पाइप आहे, वर-खाली कुठंही न संपणारा. आणि "बरोबर चार"च्या जागी "चार किंवा कमी" लिहिलं, तर तो पाइप आतूनही भरला. नुसता पत्रा राहत नाही, ठोकळा होतो.

हे मी पाठ केलंय म्हणून सांगू शकते. दिसतंय म्हणून नाही. पुढच्या समीकरणाला पुन्हा अंधार. x² + y² = z². घे, हे कर. माझे आठ दिवस गेले यात.

चिंगी

---

वर्कशॉप, ९ जुलै

चि. चिंगे,

न संपणारा पाइप मी करत नाही. माझ्या उभ्या जन्मात दोन्ही टोकं नसलेला पाइप कुणी मागितला नाही, आणि मागितला तर पत्रा कुठून आणू? फूटभर पाठवतोय. बाकीचा तुझ्या सरांनी धरावा.

तुझ्या दुसऱ्याचं ऐक. मला राग आला होता, म्हणून कागद चार दिवस खिळ्याला टांगून ठेवला. मग वाटलं, सगळं एकदम कशाला बघायचं? मी नरसाळं करताना कुठं सगळं एकदम बघतो? इथं तोंड किती, मध्ये किती, चोचीला किती, एवढंच बघतो. तसंच केलं. उंची एक धरली: गोल, त्रिज्या एक. उंची दोन: गोल, त्रिज्या दोन. तीनला तीन. उंची काहीच नाही: नुसता ठिपका. अगं, हे तर नरसाळं! जितकं वर तितकं रुंद. चोच टेबलावर टेकलेली. करून तेही सोबत पाठवतोय.

तूही तसंच करत जा. एक एक उंची धर, तिथं सुरी फिरव, काय कापलं जातंय ते लिही. मग एकावर एक रच. तुला दिसत नाही कारण तू सगळं एकदम बघायला जातेस.

मामी विचारते, जेवतेस ना.

मामा

---

वसतिगृह, १८ जुलै

ती. मामा,

जेवते. आणि मामा, दिसलं! तुझं नरसाळं हातात धरून डोळे मिटले आणि सुरी फिरवली. पहिल्यांदा दिसलं.

पण अर्धंच केलंस तू. z उणेही असतो ना. टेबलाखाली दोन इंच म्हणजे उणे दोन, आणि उणे दोनचा वर्गही चारच. म्हणजे खाली तसंच दुसरं नरसाळं, उलटं, चोचीला चोच लावून. वर्ग दिसला की उणेचं विसरायचं नाही, यात सगळे आपटतात.

आता दोन समीकरणं एकत्र. x² + y² = 4 आणि y² + z² = 4. पहिला तुझा उभा पाइप. दुसरा तसाच, पण डावी-उजवीकडे आडवा पडलेला, तेवढ्याच त्रिज्येचा. दोन्ही एकमेकांत घुसलेत. दोघांच्याही पत्र्यावर असलेल्या जागा कोणत्या? त्यांची मिळून कोणती रेघ होते? सरांनी फळ्यावर एक तिरकं लंबवर्तुळ काढलं, "अर्थातच" म्हणाले आणि पुसून टाकलं. वहीत एकच आहे.

चिंगी

---

वर्कशॉप, २ ऑगस्ट

चि. चिंगे,

हे मला विचारायला टपाल कशाला खर्च केलंस? हवेचे दोन नळ एकमेकांत आरपार घुसतात तो चौक मी आयुष्यभर करत आलोय. जाडी सारखी असली की जोड सरळ कापायचा. समोरून बघितलास तर दोन तिरके जोड दिसतात, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. मागे जाऊन बघितलास तरी फुलीच. एक जोड डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाऊन मागून फिरून येतो, दुसरा उलटा. प्रत्येक जोड म्हणजे एक सपाट लांबट गोल. दोन आहेत. एक नाही. एकच केला तर नुसता कोपरा होतो, चार तोंडांचा चौक होत नाही.

मला गणित येत नाही. तू आकडे लावून बघ आणि कळव. सरांचं चुकलं असेल असं मी म्हणत नाही, त्यांना घाई असेल.

मामा

---

वसतिगृह, १० ऑगस्ट

ती. मामा,

आकडे लावले. एकातून दुसरं वजा केलं की x² = z² उरतं. म्हणजे x = z किंवा x = उणे z. दोन सपाट पातळ्या, दोन लंबवर्तुळं. तुझंच बरोबर.

सरांना विचारायचं धाडस नाही. दोनदा नापास झालेल्या मुलीने सरांची चूक काढायची म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. आता परीक्षा होईपर्यंत लिहिणार नाही.

चिंगी

---

वसतिगृह, २ डिसेंबर

ती. मामा,

निकाल लागला. सदतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

तीन मार्क, मामा. तीनच. नुसती चीड येते आहे, दुसरं काही होत नाही. खोलीत बसवत नाही, बाहेर जाववत नाही. मैत्रिणी दारावर टकटक करतात आणि मी झोपल्याचं सोंग घेते.

आपला चौक पेपरात आला होता. पाच मार्कांना. मी दोन लंबवर्तुळं लिहिली. सरांच्या उत्तरात एक आहे, म्हणून पाचही गेले. तू शिकवलंस त्यात काही कमी नव्हतं, एवढं तुला कळावं म्हणून लिहिते.

आईला मी सांगेन. आता तू काही करू नको.

चिंगी

---

वर्कशॉप, ९ डिसेंबर

चि. चिंगे,

तुझं पत्र वाचलं आणि हातातली कातर फेकली. खिडकीची काच गेली. मामी धावत आली, तिला पत्र दाखवलं.

पाच मार्क! बरोबर लिहिलं म्हणून कापले! सदतीस आणि पाच किती होतात ते मला सातवीच्या शिक्षणावरही कळतं. तू तिथं सोंगं घेऊन पडून राहा. मी चौक करायला घेतलाय. चांगल्या पत्र्याचा, आणि दोन्ही जोड तांबड्या रंगाने रंगवणार आहे, म्हणजे आंधळ्यालाही मोजता येतील. सोळाला तुझ्या कॉलेजात जातो. विभागप्रमुख कोण बाई आहेत, त्यांच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, मोजा. मला ऐकू येत नाही हे तर बरंच आहे. कोण काय कारणं देईल ती माझ्यापर्यंत पोचायचीच नाहीत.

तुला आधी भेटणार नाही, कारण तू अडवशील.

मामा

---

वसतिगृह, १३ डिसेंबर

मामा,

जाऊ नको. हात जोडते, जाऊ नको.

मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. शेवटची संधी असलेल्यांना तीन मार्कांपर्यंत ग्रेस देतात. मी अर्ज केलाय. चोवीसला बैठक आहे. सदतीस म्हणजे नेमके तीन कमी, आणि ऑफिसमधले कारकून म्हणाले की बहुतेक होईल. भीक मागितल्यासारखं वाटलं म्हणून तुला सांगितलं नाही. चोवीसपर्यंत कुणी माझी उत्तरपत्रिका उघडायला नको. त्या प्रश्नाचं उकरून काढू नको. मी काय लिहिलं होतं ते विसरून जा. मामीला फोन केला होता, पण कुणी उचलला नाही.

पत्र मिळताच "नाही जात" एवढं कळव.

चिंगी

---

वर्कशॉप, १८ डिसेंबर

चि. चिंगे,

तुझं पत्र सतराला मिळालं. मी सोळाला जाऊन आलो होतो. मामी आठवडाभर माहेरी होती, म्हणून फोन कुणी उचलला नाही, आणि तो वाजतो हे मला कळत नाही.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण लपवून उपयोग नाही. बाई चांगल्या आहेत. मी चौक टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा बदलला, एका जोडावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. एका पाकिटाच्या मागे काहीतरी लिहिलं. मग तुझ्या सरांना बोलावलं. सर आले, पाकीट बघितलं, चौक बघितला आणि खुर्चीवर बसले. माझ्यासाठी बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "आमचं चुकलं. तुमचं बरोबर आहे." चिंगे, मला वाटलं जिंकलो. मी म्हणालो, आता माझ्या भाचीचे पाच मार्क द्या. फार मोठ्याने म्हणालो असेन, बाहेरची माणसं आत डोकावली.

त्यांनी सगळ्यांच्या उत्तरपत्रिका मागवल्या. सगळ्यांच्या पुन्हा तपासायच्या असं ठरलं. दोन मुलांनी दोन लिहिली होती, ती दोघं पास झाली. मग तुझी काढली.

तुझ्या पानावर आधी एक ओळ होती: "ही वक्ररेषा म्हणजे x = z आणि x = −z या पातळ्यांवरील दोन लंबवर्तुळे." अक्षर चांगलं आलं होतं. तिच्यावर आडवी रेघ मारलेली. खाली लिहिलं होतं: "एक लंबवर्तुळ." आणि त्याला सरांनी पाचपैकी पाच दिले होते.

बाईंनी कागदावर लिहिलं, "खोडलेलं धरता येत नाही." मग सदतीसवर काट मारली आणि बत्तीस लिहिले. तिसऱ्यांदा लिहिलं, "बत्तीसला ग्रेस लागू होत नाही." मला ग्रेस काय ते माहीतच नव्हतं. मी विचारलं, तर त्यांनी तुझा अर्ज दाखवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तू तीन मार्कांवर उभी होतीस आणि मी पत्र्याचा चौक घेऊन जाऊन तुला आठवर लोटलं. येताना चौक तिथंच राहिला, आणायचं सुचलं नाही.

तू मला खोटं का लिहिलंस? आणि बरोबर लिहिलेलं खोडलंस कशाला? रागावून विचारत नाही. रागावून विचारतो आहे, पण उत्तर दे.

मामा

---

वसतिगृह, ३० डिसेंबर

ती. मामा,

आठ दिवस कागद घेऊन बसते आणि उठते. आज लिहून टाकते.

परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्न वाचला आणि मला दोन्ही जोड स्पष्ट दिसले. इतकं स्पष्ट मला आजवर काहीच दिसलं नव्हतं. हात आपोआप चालला. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा पुन्हा वाचायला घेतलं. वहीतलं सरांचं उत्तर आठवलं, त्यात एक. मी आकडे लावले होते, x = −z मीच काढलं होतं, मला माहीत होतं. तरी मनात आलं, हे दोन कुणी सांगितलं? मामाने. मामा काय प्राध्यापक आहे? पत्रेवाल्याला काय कळतंय यातलं? हेच शब्द आले, मामा. मी बदलून लिहीत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीने विचारलं असतं की तुला हे कुणी शिकवलं, तर मी तुझं नाव घेतलं नसतं. मला तुझी लाज वाटली. म्हणून खोडलं.

निकाल लागला तेव्हा चुकीच्या उत्तराचे पाच मार्क घेऊन मी सदतीसवर उभी होते. ते मला माहीत होतं. तुला खरं कसं लिहू? म्हणून लिहिलं की मी तुझं ऐकलं होतं. तेवढं तरी तुला मिळावं असं वाटलं. तू ते खरं धरून कॉलेजात जाशील हे डोक्यातच आलं नाही.

तू नेलंस ते सगळं खरं होतं, खोटं फक्त माझं होतं. तू स्वतःला बोल लावू नको. ग्रेस मिळाली नाही. काल घरी जाऊन आईला सांगितलं. तिने माझं ताट वाढलं.

माझ्यावर रागाव, पण बोलणं टाकू नको.

तुझी,
चिंगी

---

वर्कशॉप, ७ जानेवारी

चि. चिंगे,

पत्र मिळालं. राग आला. दोन दिवस तो मामीवर काढला. तिने चहा ठेवला की मी तो गार होऊ द्यायचो. तू खोटं बोललीस त्याचा राग आहे, अजून आहे. लाज वाटली त्याचाही आला होता. पण तो तिसऱ्या दिवशी गेला. का गेला ते सांगतो, कारण ते मी मामीलाही कधी सांगितलेलं नाही.

चाळीस वर्षांत किती वेळा इंजिनिअर नकाशा घेऊन आला आणि मला दिसलं की माप चुकलंय. जोड बसणार नाही, नळ भिंतीत जाणार, मला डोळ्यांनी दिसायचं. मी पत्र्यावर माझं माप आखलेलं असायचं. साहेब म्हणायचा, "नकाशात आहे तसं कर." की मी माझी रेघ ओल्या फडक्याने पुसायचो आणि त्याची आखायचो. पुन्हा म्हणायचो नाही. नळ बसायचा नाही, पत्रा वाया जायचा, आणि शिव्या मलाच बसायच्या. मनात म्हणायचो, शिकलेला माणूस आहे, आपल्याला काय कळतंय यातलं. तू खोडलंस ते मला नवीन नाही. ते तू माझ्याकडूनच घेतलंस.

सोळा तारखेला त्या ऑफिसात मी जन्मात पहिल्यांदा साहेबापुढे माझी रेघ पुसली नाही. ती बरोबर निघाली. आणि त्यात तुझी पदवी गेली.

मामा